संत्र्यांना जो हक्क आहे, तो प्रवाशाला का नाही?

गाडी पाच तास रखडली की दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, जपानमध्ये गाडी वीस सेकंद लवकर सुटली तरी कंपनी माफी मागते. दुसरा म्हणतो, पाचेकशे रुपयांत हजार किलोमीटर नेऊन सोडतात, वर भरपाई कसली मागता? पहिल्याचा दाखला खरा आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्सुकुबा एक्सप्रेसची एक गाडी ९ वाजून ४४ मिनिटं ४० सेकंदांना सुटायची ती वीस सेकंद आधी हलली आणि कंपनीने जाहीर माफी मागितली. दुसऱ्याचा हिशेबही खोटा नाही. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतात, हे वाक्य रेल्वेने वर्षानुवर्षं तिकिटावरच छापलं. पण एकाचा दाखला माफीचा, दुसऱ्याचा हिशेब अनुदानाचा. रखडलेल्या माणसाच्या पैशाचं काय, हा मुद्दा दोघांच्याही हातून सुटतो. माझं म्हणणं असं आहे की विमानासारखी हजारोंची भरपाई हा आपल्याकडचा पहिला प्रश्नच नाही. जे दिलंच नाही त्याचे घेतलेले पैसे परत करणं, हा पहिला प्रश्न आहे. जी गाडी वेगाने धावली नाही, तिचा ‘सुपरफास्ट’चा अधिभार प्रवाशाने न मागता परत आला पाहिजे. आणि उशीर आपल्या चुकीने झाला नाही हे दाखवून देण्याचं ओझं रेल्वेवर हवं, मालाच्या बाबतीत ते आजही आहे तसं.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. परतावा आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या नियमांत फक्त पहिली आहे. नोव्हेंबर २०१५ पासून लागू झालेल्या परतावा नियमांनुसार रेल्वेने गाडीच रद्द केली तर पूर्ण भाडं परत मिळतं. ई-तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात येतात, खिडकीवर काढलेलं तिकीट तीन दिवसांच्या आत खिडकीवर द्यावं लागतं. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाहीत, तरी पूर्ण भाडं मिळतं. एरवी कन्फर्म तत्काळ तिकिटाचा छदामही परत येत नाही, तोसुद्धा या वेळी येतो. ऐकायला उदार वाटतं. पण यातली अट पाहा: प्रवास न करणं. म्हणजे जो कंटाळून घरी गेला त्याला पैसे, आणि ज्याला जाणं भागच होतं, जो आठ तास उशिरा का होईना पोहोचला, त्याला शून्य. हा उशिराबद्दलचा हक्क नव्हे. ही वजावट न करता तिकीट रद्द करण्याची परवानगी आहे. आणि ज्याच्याकडे दुसरा पर्याय आहे त्यालाच ती उपयोगी पडते. मुंबईहून पुण्याला जाणारा शिवनेरी धरेल. गोरखपूरला किंवा हावड्याला निघालेला काय धरणार?

तीही परवानगी कशी चालते ते जवळून बघण्यासारखं आहे. समजा, चिपळूणहून रात्री सव्वाअकराला सुटणारी गाडी आहे आणि ॲप सांगतंय, तीन तास पाच मिनिटं उशीर, अपेक्षित वेळ दोन वाजून वीस मिनिटं. हक्क हवा असेल तर गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा दावा, भरायला हवा. टीडीआरच्या यादीतून नेमकं ‘गाडी तीन तासांपेक्षा उशिरा, प्रवास केला नाही’ हेच कारण निवडायला हवं. भलतंच निवडलं की दावा फेटाळला जातो. घाईत टीडीआरऐवजी ‘कॅन्सल’ दाबलं तर नेहमीची कपात, आणि चार्ट लागल्यावर ते बटणही चालत नाही. बरं, हे सगळं नीट करून तुम्ही घरी परतलात. कोकण रेल्वेचा मार्ग बव्हंशी एकेरी, सगळा खेळ क्रॉसिंगचा, म्हणजे एका गाडीने स्टेशनात थांबून समोरचीला वाट देण्याचा. पुढच्या गाडीची क्रॉसिंग एक स्टेशन आधी झाली, गाडीने आठ मिनिटं भरून काढली आणि ती दोन वाजून बारा मिनिटांनी सुटली. उशीर दोन तास सत्तावन्न मिनिटं. तुमचा हक्क गेला, भाडंही गेलं. अंदाजावर निर्णय घ्यायचा प्रवाशाने आणि निकाल लागायचा प्रत्यक्ष वेळेवर, असा हा नियम आहे. शिवाय तीन तास मोजायचे ते चढण्याच्या स्टेशनवर. तिथे गाडी वेळेवर आली आणि उतरण्याच्या स्टेशनवर सहा तास उशिरा लागली, तर नियमाच्या लेखी काहीच घडलेलं नाही.

आता याच रेल्वेच्या मालवाहतुकीकडे या. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम ९५ मालाला वाटेत झालेल्या उशिराबद्दल आहे. नागपूरहून पाठवलेली संत्री उशिरामुळे सडली, एवढं मालकाने दाखवलं की नुकसानीची जबाबदारी रेल्वेची. ती टाळायची तर उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने किंवा आपल्या निष्काळजीपणाशिवाय झाला हे रेल्वेने सिद्ध करायचं. हे आकाशातून पडलेलं नाही. १८९० च्या कायद्यात रेल्वेची जबाबदारी केवळ माल सांभाळणाऱ्याची होती. १९६१ च्या दुरुस्तीने, १ जानेवारी १९६२ पासून, ती माल वाहणाऱ्याची झाली आणि पुराव्याचं ओझं फिरलं. त्याने रेल्वे बुडाली का? दुसरी बाजू तर याहून बोलकी आहे. व्यापाऱ्याने ठरलेल्या मोफत वेळेत वाघिणी रिकाम्या केल्या नाहीत तर रेल्वे दर वाघिणीमागे, दर तासाला डॅमरेज, म्हणजे खोळंब्याचा आकार, लावते. तासाची किंमत कशी लावायची हे रेल्वेला पक्कं ठाऊक आहे. मोसंबीचा उशीर मोजला जातो, कोळशाच्या वाघिणीचा मोजला जातो, बर्थवर बसलेल्या माणसाचा तेवढा मोजता येत नाही, हे कसं?

प्रवाशांच्या बाबतीत रेल्वेचा बचाव कोचिंग टॅरिफच्या, म्हणजे प्रवासी वाहतुकीच्या नियमपुस्तकाच्या, नियम ११४ वर उभा असतो: गाड्या ठरल्या वेळी येतील-जातील याची हमी नाही आणि उशिराने झालेल्या नुकसानीला प्रशासन जबाबदार नाही. हाच नियम पुढे करून रेल्वे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. ११ जून २०१६ ला अजमेर-जम्मू एक्सप्रेस जम्मूला सुमारे चार तास उशिरा पोहोचली, एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं, टॅक्सी करावी लागली. जिल्हा ग्राहक मंचाने टॅक्सीचे पंधरा हजार, बुकिंगचे दहा हजार, मनस्तापाचे आणि दाव्याच्या खर्चाचे पाच-पाच हजार दिले. ६ सप्टेंबर २०२१ ला न्यायमूर्ती एम. आर. शहा आणि अनिरुद्ध बोस यांच्या पीठाने तो निकाल कायम ठेवला: उशिराचं कारण आपल्या नियंत्रणाबाहेरचं होतं हे रेल्वेने पुराव्यानिशी दाखवलं नाही तर ती जबाबदार आहे. म्हणजे कलम ९५ मध्ये संत्र्यांसाठी जे लिहिलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, माणसांना लागू झालं. फरक इतकाच की संत्र्यांना ते कायद्याने मिळतं आणि माणसाला पाच वर्षं तीन-चार पायऱ्या चढून. पस्तीस हजारांसाठी किती जण चढतील?

विरोधातले मुद्दे हलके नाहीत. पहिला अनुदानाचा. भाडं खर्चापेक्षा कमी असताना भरपाई देणं म्हणजे करदात्याच्याच खिशातून देणं, हे मूळ भाड्याबद्दल मला मान्य आहे. म्हणूनच मी मूळ भाड्याला हात लावत नाही. पण तिकिटातली प्रत्येक ओळ अनुदानाची नसते. सुपरफास्टचा अधिभार सेकंड क्लासला १५ रुपये, स्लीपरला ३०, थ्री टिअर आणि टू टिअर एसीला ४५, फर्स्ट एसीला ७५, हा वेगाचा वेगळा दाम आहे. होळी-गणपतीच्या विशेष गाड्यांवर सेकंड क्लास सोडून इतर वर्गांना मूळ भाड्याच्या ३० टक्के जादा घेतात. आणि कोकणात जाणाऱ्या कुणालाही विचारा, क्रॉसिंगसाठी बाजूला उभी राहते ती बहुतेक वेळा हीच जादा पैशांची गाडी. राजधानी-शताब्दी-दुरंतोला सप्टेंबर २०१६ मध्ये फ्लेक्सी भाडं आलं तेव्हा दर दहा टक्के जागांमागे भाडं दहा टक्क्यांनी चढून दीडपटीपर्यंत गेलं, आणि ते बाजाराच्या नियमाने योग्य आहे असं सांगितलं गेलं. घेताना बाजार आणि देताना समाजसेवा, असं दोन्हीकडून कसं चालेल?

आणि हा अधिभार सेवा न देता घेतला जातो, हे म्हणणारा मी पहिला नाही. ज्या गाडीचा वेळापत्रकातला सरासरी वेग ब्रॉडगेजवर ताशी ५५ किलोमीटर किंवा अधिक ती सुपरफास्ट, अशी व्याख्या आहे. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने २०१७ मध्ये उत्तर-मध्य आणि दक्षिण-मध्य रेल्वेच्या काही गाड्या तपासल्या तेव्हा तो वेग न गाठणाऱ्या गाड्यांच्या प्रवाशांकडून २०१३-१६ या काळात ११.१७ कोटी रुपयांचा अधिभार वसूल झालेला दिसला. तो परत करायचा नियमच नाही, अशीही नोंद झाली. पुढच्या एका अहवालात तर ४७८ पैकी १२३ सुपरफास्ट गाड्यांचा कागदावरचा वेगच ५५ च्या खाली निघाला. म्हणजे उशीर व्हायच्या आधीच, छापील वेळापत्रकातच त्या सुपरफास्ट नव्हत्या. किराणा दुकानदाराने नऊशे ग्रॅमच्या पुडीवर एक किलो छापलं तर वजनमापे निरीक्षक काय करतो?

दुसरा मुद्दा कारणांचा. धुकं, पूर, दरड, रुळांवर गुरं, चेन ओढणारे, आंदोलक. खरं आहे. २६ जुलै २०१९ च्या रात्री सुटलेली महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना दुसऱ्या दिवशी बोटींनी काढावं लागलं. त्या उशिराचे पैसे रेल्वेकडे मागणं वेडेपणाचं ठरेल. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं, त्याच आठवड्यात खेडजवळ दरड आली, तेही तसंच. पण सगळे उशीर पुराचे नसतात. ओव्हरहेड वायर तुटणं, सिग्नल निकामी होणं, इंजिन बंद पडणं, समोरची मालगाडी, आणि सगळ्यांत नेहमीचं म्हणजे येणारा रेकच (डब्यांचा संच) उशिरा आल्याने परतीची गाडी उशिरा काढणं, ही कारणं घरातली आहेत. कुठला उशीर कुठल्या कारणाचा, हे शोधायला चौकशी समिती नको. कंट्रोल ऑफिसात गाडीने गमावलेली मिनिटं रोजच्या रोज खात्यावर मांडली जातात: इंजिनिअरिंगची इतकी, सिग्नलची इतकी, चेन ओढण्याची इतकी. खाती आपसांत त्यावरून भांडतातही. नोंद आहे, कारण आहे, मिनिटं आहेत. प्रवाशाला दाखवत नाहीत, एवढंच. युरोपीय संघातही २०१३ मध्ये न्यायालयाने आधी नैसर्गिक आपत्तीची सबब नाकारली होती. जून २०२३ पासूनच्या नव्या नियमांत ती सूट आली, पण रेल्वेच्याच कर्मचाऱ्यांचा संप त्या सुटीत बसत नाही. रेषा आखता येते.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो आणि तो आपल्याकडे फारसा कुणी मांडत नाही. उशिरावर पैसे लावले तर गाडी पळवली जाईल, कॉशन ऑर्डरकडे, म्हणजे वेग कमी ठेवण्याच्या लेखी सूचनेकडे, काणाडोळा होईल. २५ एप्रिल २००५ ला जपानमध्ये आमागासाकी इथे एक लोकल वळणावर प्रचंड वेगाने आली, रुळांवरून घसरून इमारतीवर आदळली. १०७ माणसं गेली, चालक त्यातलाच. गाडी जेमतेम दीड मिनिट उशिरा होती. त्या कंपनीत उशीर करणाऱ्या चालकांना अपमानास्पद ‘पुनर्प्रशिक्षणा’ला बसवत आणि त्याचीच धास्ती त्या चालकाला असावी, असं तपासात पुढे आलं. वीस सेकंदांच्या माफीचं कौतुक करताना आमागासाकी विसरणारा माणूस रेल्वेबद्दल अर्धंच बोलतो. पण हा धडा नेमका कशाचा आहे? तिथे शिक्षा चालकाच्या मानेवर होती. संस्थेच्या तिजोरीतून प्रवाशाला पैसे परत करण्याने कुणी गाडी पळवत नाही. त्याच जपानमध्ये एक्सप्रेस गाडी दोन तास किंवा अधिक उशिरा पोहोचली तर मूळ भाडं तसंच राहतं, एक्सप्रेसचा अधिभार तेवढा परत करतात. आपल्या सुपरफास्ट अधिभाराची ही सख्खी बहीणच. दोन तासांची मर्यादा असेल तर एखाद्या मिनिटासाठी लोको पायलटने जिवावर उदार व्हायचं कारण उरत नाही. फक्त परताव्याचा आकडा कुठल्याही कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकात जाणार नाही, हे नियमातच लिहायला हवं.

चौथी शंका खास रेल्वेतल्या जाणकारांची: पैसे द्यावे लागणार म्हटल्यावर वेळापत्रकच फुगवतील. तेही होतं, आताही होतं. शेवटच्या दोन स्टेशनांमध्ये चाळीस मिनिटांची सैल वेळ ठेवली की मधल्या सगळ्या स्टेशनांवर उशिरा धावलेली गाडी टर्मिनसला ‘वेळेवर’ लागते, आणि वक्तशीरपणा मोजतात तो तिथेच. पण सुपरफास्टच्या व्याख्येनेच इथे रेल्वेला पेचात धरलं आहे. हजार किलोमीटरची गाडी अठरा तासांची असेल तर वेग साडेपंचावन्न. पैसे वाचवायला तिला वीस तासांची केली तर वेग पन्नास, बिरुद गेलं, अधिभारही गेला. अठराचीच ठेवून वीस तासांत पोहोचवली तर अधिभार परत. दोन्हीकडून प्रवाशाचे पंचेचाळीस रुपये वाचतात.

पंचेचाळीस रुपयांनी काय होतं, असं आता कुणी म्हणेल. माणसाचं काही होत नाही, कबूल. म्हणूनच त्यासाठी अर्ज, टीडीआर, रांग यांपैकी काही नको. गाडी किती वाजता लागली हे रेल्वेच्या संगणकात असतं, तिकीट कुणाचं आणि पैसे कुठून आले हेही. गाडी रद्द झाल्यावर ई-तिकिटाचं पूर्ण भाडं आपोआप परत जातं, मग ४५ रुपये का जाऊ नयेत? फरक पडेल तो रेल्वेला. अठराशे प्रवाशांची गाडी दोन तास उशिरा आली की एका ठरावीक खात्यात एक ठरावीक रक्कम खर्ची पडेल आणि महिनाअखेरीस कुणीतरी विचारेल, सिग्नलमुळे किती गेले, रेकमुळे किती गेले. आज उशिराची किंमत फक्त प्रवासी मोजतो, त्यामुळे रेल्वेच्या कुठल्याच वहीत ती दिसत नाही.

हा प्रयोग आपल्याकडे होऊनही गेला आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये आयआरसीटीसीने लखनौ-दिल्ली तेजस सुरू केली तेव्हा तासापेक्षा जास्त उशिराला १०० रुपये आणि दोन तासांपेक्षा जास्त उशिराला २५० रुपये जाहीर केले. जानेवारी २०२० मध्ये मुंबई-अहमदाबाद तेजसलाही तेच. त्याच महिन्यात दहिसर-भाईंदरच्या दरम्यान ओव्हरहेड वायरने दगा दिला, गाडी तासाहून जास्त रखडली आणि सहाशेवर प्रवासी शंभर-शंभर रुपयांचे हक्कदार झाले. चार वर्षांहून जास्त काळात दोन्ही गाड्या मिळून सुमारे २६ लाख रुपये वाटले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला योजना बंद झाली, आणि ती बंद झाल्याचं लोकांना कळलं ते नंतर, माहिती अधिकारातून. कुणाचं दिवाळं वाजलं म्हणून नव्हे. गाजावाजा करून दिलेली सवलत होती, हक्क नव्हता, म्हणून ती गुपचूप काढून घेता आली.

मुंबईच्या लोकलला मात्र हे सूत्र लागू करू नये असं मला वाटतं. तिथे तिकीट ठरावीक गाडीचं नसतं, पास महिन्याचा असतो आणि अनारक्षित तिकीट एरवी रद्द करायचं म्हटलं तर प्रवाशामागे ३० रुपये कापतात, म्हणजे दहा रुपयांच्या तिकिटाचा हिशेबच संपला. लोकलवाल्याला पैशांपेक्षा खरी घोषणा हवी असते, आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

नियम बदलेपर्यंत जे हातात आहे ते तरी सोडू नये. एकामागून एक दोन गाड्या पकडायच्या असतील तर तिकिटं काढतानाच दोन्ही पीएनआर जोडून घ्यावेत. एप्रिल २०१९ पासून पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर न झालेल्या प्रवासाचं भाडं वजावटीशिवाय मिळतं, पण पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांत मागावं लागतं. एसी बंद पडला तर टीटीईकडून तिथल्या तिथे दाखला घ्यावा आणि उतरल्यापासून वीस तासांत टीडीआर भरावा. गाडी रद्द झाली तरी आयआरसीटीसीची सुविधा फी, एसीला ३० रुपये अधिक जीएसटी, परत येत नाही. तिची वाट बघू नये. नुसतं भाडं अडलं असेल तर दावा रेल्वे क्लेम्स ट्रायब्युनलकडे, महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूरला. उशिरामुळे झालेलं नुकसान मागायचं असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. रेल्वेचा वकील ‘हे ट्रायब्युनलचं काम’ असं पहिल्याच तारखेला म्हणेल, म्हणून तक्रारीत भाडं मागू नये, टॅक्सीची, हॉटेलची, चुकलेल्या विमानाची पावती लावावी. आणि त्याआधी माहिती अधिकारात त्या तारखेच्या त्या गाडीची कंट्रोलमधली नोंद मागावी: किती मिनिटं, कुठल्या स्टेशनांच्या मध्ये, कुठल्या खात्याच्या नावावर. अर्जाची फी दहा रुपये.